निवडून आलेल्या शेरीफवर देखरेख कोणाची? : लॉस एंजेलिस काउंटीतील तुरुंग आणि नागरी देखरेखीचा प्रश्न

प्रास्ताविक

'शेरीफ' हा शब्द मराठी वाचकाला अगदीच परका नाही. मुंबईचे शेरीफपद, म्हणजेच नगरपालपद, ब्रिटिश अमदानीपासून चालत आले. समाजातील एखाद्या प्रतिष्ठित व्यक्तीची, मग ती उद्योगपती असो, प्राचार्य असो वा क्रीडापटू असो, त्या पदावर वर्षभरासाठी नेमणूक होत असे. पद मानाचे, अधिकार जवळजवळ नाहीत. हे चित्र मनात ठेवून अमेरिकेतील शेरीफकडे पाहू गेल्यास फसगत होते. शब्दाचे मूळ एकच आहे : इंग्लंडमधील 'शायर', म्हणजे परगणा, आणि त्याचा 'रीव्ह', म्हणजे राजाचा कारभारी. मुंबईत या कारभाऱ्याचे अधिकार गळून पडले आणि झूल तेवढी राहिली. अमेरिकेत नेमके उलट झाले. तेथे तो राजाचा न राहता मतदारांचा झाला आणि त्याच्या हाती पोलीसदल व तुरुंग अशा दोन्ही गोष्टी आल्या.

आपल्याकडे पोलीस आणि कारागृह ही दोन स्वतंत्र खाती आहेत. दोन्ही गृह विभागाखाली असली तरी अटक करणारा अधिकारी आणि कोठडीनंतर कैद्याला सांभाळणारा अधिकारी यांच्या वरिष्ठांच्या साखळ्या वेगळ्या असतात. अमेरिकेतील बहुसंख्य काउंट्यांमध्ये ही विभागणी नाही. काउंटीच्या तुरुंगात मुख्यतः न्यायाधीन बंदी आणि अल्प मुदतीची शिक्षा झालेले कैदी असतात. दीर्घ शिक्षेचे कैदी राज्याच्या तुरुंगात जातात. म्हणजे शेरीफच्या ताब्यातील अनेकांवरचा आरोप अद्याप सिद्ध व्हायचा असतो. अशा तुरुंगात मारहाण झाली, आत्महत्या झाली किंवा औषधाविना कोणी मेला, तर जाब कोणी विचारायचा, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. त्यासाठी कॅलिफोर्निया राज्यातील लॉस एंजेलिस काउंटीचे उदाहरण घेतले आहे. २०२० च्या जनगणनेनुसार या काउंटीची लोकसंख्या एक कोटीहून थोडी अधिक आहे. तेथील शेरीफचे खाते अमेरिकेतील अशा खात्यांमध्ये सर्वांत मोठे आहे. आणि देखरेखीचे जवळजवळ सर्व प्रयोग तेथे करून झाले आहेत.

शेरीफ आणि मतदार

कॅलिफोर्नियाच्या राज्यघटनेनुसार शेरीफ हा निवडून आलेलाच असला पाहिजे. काउंटीचा कारभार पाहणारे एक निर्वाचित मंडळ असते. त्यास 'बोर्ड ऑफ सुपरवायझर्स' म्हणतात. लॉस एंजेलिसमध्ये दीर्घकाळ या मंडळाचे पाचच सदस्य राहिले आहेत. सदस्यसंख्या नऊ करण्याचा प्रस्ताव मतदारांनी २०२४ मध्ये संमत केला. शेरीफचा अर्थसंकल्प हे मंडळ मंजूर करते, त्याच्या खात्याविरुद्धच्या दाव्यांची भरपाई काउंटीच्या तिजोरीतून देते. परंतु शेरीफला हुकूम देऊ शकत नाही. राज्याच्या कायद्यात मंडळाने काउंटीच्या अधिकाऱ्यांच्या वर्तनावर लक्ष ठेवावे असे म्हटले आहे आणि त्याच कलमात शेरीफच्या तपासकार्याचे स्वातंत्र्यही राखले आहे. या दोन वाक्यांमधील संदिग्ध जागेतच गेल्या तीन दशकांतील बहुतेक वाद झाले.

देखरेखीला विरोध करणाऱ्या शेरीफांचा युक्तिवाद वरवर पाहता लोकशाहीचाच असतो. मला लोकांनी निवडले, लोकच मला घालवतील. मध्येच नेमलेल्या आयोगाने मला का विचारावे? हा युक्तिवाद हसण्यावारी नेण्याजोगा नाही. परंतु लॉस एंजेलिसचा इतिहास त्यास फारसा अनुकूल नाही. १९३२ पासून २०१४ पर्यंत, म्हणजे ब्याऐंशी वर्षांत, तेथे अवघे चार शेरीफ झाले : बिस्केलूझ, पिचेस, ब्लॉक आणि बाका. १९९८ च्या निवडणुकीच्या काही दिवस आधी विद्यमान शेरीफ शर्मन ब्लॉक यांचे निधन झाले. मतपत्रिकेवर त्यांचे नाव तसेच राहिले आणि दिवंगत उमेदवाराला लक्षावधी मते पडली. निवडणुकीत हरून विद्यमान शेरीफने पद सोडण्याचा प्रसंग २०१८ पूर्वी शंभर वर्षांत आला नव्हता.

शिवाय मतदार ज्या गोष्टीसाठी शेरीफ निवडतो ती रस्त्यावरची सुरक्षितता असते. काउंटीतील ८८ शहरांपैकी ४२ शहरे स्वतःचे पोलीसदल न ठेवता करार करून शेरीफची सेवा घेतात; तेथील नागरिकाला शेरीफ गस्तीच्या गाडीतून दिसतो. तुरुंग त्याला दिसत नाही. न्यायाधीन बंद्याचा मताधिकार कॅलिफोर्नियात कायद्याने शाबूत असतो हे खरे. पण रोजच्या बारा-तेरा हजार बंद्यांची मते एक कोटीच्या काउंटीत कोणाच्या गणितात येणार?

पाहण्याचा अधिकार

नागरिकांनी तुरुंगात जाऊन पाहण्याची सोय लॉस एंजेलिसमध्ये नवी नाही. दरवर्षी २३ नागरिकांची एक दिवाणी ग्रँड ज्युरी बसते आणि काउंटीतील तुरुंगांची स्थिती व व्यवस्थापन यांची चौकशी करणे हे तिचे कायद्याने ठरलेले काम आहे. यापलीकडे सिबिल ब्रँड या समाजसेविकेच्या नावाने ओळखला जाणारा तपासणी आयोग आहे. त्याचे सदस्य तुरुंगांना भेटी देतात, बराकी पाहतात, बंद्यांशी बोलतात व अहवाल देतात. आपल्याकडील कारागृहांच्या अभ्यागत मंडळाची आणि त्यावरील अशासकीय अभ्यागतांची आठवण व्हावी अशीच ही रचना आहे. सुनील बात्रा खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने अशा भेटींवर भर दिला आणि पुढे डी. के. बासू खटल्यातील २०१५ च्या निर्देशांत अशासकीय अभ्यागत नेमण्याचा मुद्दा पुन्हा आला. तोच मुद्दा इतक्या वर्षांनी पुन्हा सांगावा लागला, यावरून या व्यवस्थेच्या स्थितीची कल्पना यावी.

१९९१ मध्ये शेरीफच्या माणसांकडून झालेल्या गोळीबाराच्या घटनांमुळे मंडळाने निवृत्त न्यायाधीश जेम्स कोल्ट्स यांची समिती नेमली. तिचा अहवाल जुलै १९९२ मध्ये आला. समितीचे वकील मेरिक बॉब यांची पुढे विशेष सल्लागार म्हणून नेमणूक झाली आणि १९९३ पासून सुमारे वीस वर्षे ते सहामाही अहवाल देत राहिले. बळाचा वापर, दाव्यांवरील खर्च, तुरुंगातील वैद्यकीय सेवा, असा कोणताही विषय त्यांनी सोडला नाही. २००१ मध्ये वकिलांचे एक स्वतंत्र पुनर्विलोकन कार्यालय निघाले. खात्याच्या अंतर्गत चौकश्यांवर लक्ष ठेवणे हे त्याचे काम. न्यायालयीन बाजूने पाहता, 'अमेरिकन सिव्हिल लिबर्टीज युनियन' या नागरी हक्क संघटनेने १९७५ मध्ये दाखल केलेल्या 'रदरफर्ड' खटल्यात न्यायालयाने १९८५ पासून त्या संघटनेलाच तुरुंगांवरील निरीक्षक म्हणून काम दिले होते.

थोडक्यात, २०१० च्या सुमारास लॉस एंजेलिसचे तुरुंग बहुधा अमेरिकेत सर्वाधिक 'पाहिले गेलेले' तुरुंग होते. तरीही पुढील प्रकार घडला.

एका मोबाइल फोनची गोष्ट

'मेन्स सेंट्रल जेल' ही पुरुषांच्या तुरुंगाची इमारत १९६३ मध्ये सुरू झाली. लांबच लांब ओळीत गजांच्या कोठड्या आणि समोरून चिंचोळा मार्ग, अशी तिची रचना आहे. पहारेकऱ्याने त्या मार्गाने चालत गेल्याखेरीज कोठडीत काय चालले आहे ते त्याला दिसत नाही. आणि पहारेकरी काय करतो आहे ते वरिष्ठाला दिसत नाही. खात्यात नव्याने भरती झालेले डेप्युटी आपल्या नोकरीची पहिली काही वर्षे येथे काढीत आणि मग गस्तीवर जात. तुरुंग हे जणू उमेदवारीचे ठिकाण, तुरुंगाचेच काम करण्याची इच्छा असलेले थोडे. या इमारतीच्या दुसऱ्या व तिसऱ्या मजल्यांवर डेप्युटींच्या टोळक्यांनी आपापली नावे घेतली होती. तिसऱ्या मजल्यावरचे स्वतःस '३००० बॉइज' म्हणवीत.

२०११ मध्ये 'एफबीआय' या केंद्रीय तपास संस्थेने येथील मारहाणीच्या तक्रारींचा गुप्त तपास चालविला होता. एका बंद्याला खबऱ्या करण्यात आले आणि लाच घेणाऱ्या एका डेप्युटीकरवी त्याच्यापर्यंत मोबाइल फोन पोचविण्यात आला. तो फोन झडतीत सापडला. फोन केंद्रीय तपासाचा आहे हे कळल्यावर खात्याने आपल्या घरात काय चुकते आहे हे पाहावे, अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात त्या बंद्याचे नाव नोंदींतून बदलून त्याला केंद्रीय तपासयंत्रणेपासून लपवून ठेवण्यात आले, साक्षीदारांवर दडपण आणले गेले आणि शेरीफचे दोन अधिकारी तपास करणाऱ्या एफबीआयच्या महिला अधिकाऱ्याच्या घरी जाऊन तिला अटकेची धमकी देऊन आले.

त्याच वर्षी नागरी हक्क संघटनेने प्रत्यक्षदर्शींच्या साक्षींसह अहवाल प्रसिद्ध केला. मंडळाने सात सदस्यांचा तुरुंगातील हिंसेविषयीचा नागरिक आयोग नेमला. सप्टेंबर २०१२ मधील त्याच्या अहवालात ६३ शिफारशी आहेत. परंतु माझ्या मते त्या शिफारशींपेक्षा अधिक बोलका भाग निराळाच आहे. कोल्ट्स समितीने आणि बॉब यांनी जे वर्षानुवर्षे लिहिले होते तेच पुष्कळसे या आयोगाला पुन्हा लिहावे लागले. समस्या कोणाला माहीत नव्हती असे नाही. ती छापील स्वरूपात, तारीखवार, कपाटात होती. शेरीफला ती वाचावयास भाग पाडणारे कोणी नव्हते.

जानेवारी २०१४ मध्ये शेरीफ ली बाका यांनी राजीनामा दिला. त्यांचे दुय्यम पॉल तनाका यांना २०१६ मध्ये पाच वर्षांची, तर खुद्द बाका यांना २०१७ मध्ये तीन वर्षांची शिक्षा तपासात अडथळा आणल्याबद्दल झाली. अन्य अनेक अधिकारी व डेप्युटीही या प्रकरणांत दोषी ठरले. ही कारवाई केंद्रीय अभियोक्त्यांनी केली. काउंटीतील देखरेखीच्या एकाही संस्थेपाशी तसे सामर्थ्य नव्हते.

आयोग आणि समन्स

यानंतर मंडळाने दोन नव्या संस्था उभ्या केल्या. एक इन्स्पेक्टर जनरलचे कार्यालय. मॅक्स हंट्समन हे माजी अभियोक्ता त्याचे पहिले प्रमुख झाले. दुसरा नऊ सदस्यांचा नागरी देखरेख आयोग. तो नेमण्याचा निर्णय डिसेंबर २०१४ मध्ये झाला आणि पहिली सभा जानेवारी २०१७ मध्ये भरली. सभा उघड्यावर होतात. ज्यांचा मुलगा वा भाऊ तुरुंगात दगावला अशी माणसे उभी राहून आयोगासमोर बोलतात. यात मोठे मोल आहे. पण सुरुवातीला आयोगाला ना समन्स काढण्याचा अधिकार होता, ना कोणाला शिक्षा करण्याचा. इन्स्पेक्टर जनरलला कागद मिळत ते शेरीफबरोबरच्या समजुतीच्या कराराने. तेव्हाचे शेरीफ जिम मॅकडॉनेल स्वतः २०१२ च्या नागरिक आयोगाचे सदस्य होते, म्हणून ते निभावले.

समजुतीवर उभी असलेली व्यवस्था समजूतदार माणूस असेपर्यंत चालते. २०१८ मध्ये मॅकडॉनेल पराभूत झाले आणि अलेक्स व्हिलान्युएवा शेरीफ झाले. २०१९ मध्ये त्यांच्या खात्याने इन्स्पेक्टर जनरलचा संगणकीय नोंदींपर्यंतचा मार्ग आखडला आणि खुद्द हंट्समन यांच्याविरुद्धच फौजदारी चौकशी सुरू केल्याचे जाहीर झाले. देखरेख करणाराच चौकशीच्या फेऱ्यात!

मार्च २०२० मध्ये मतदारांनी 'मेझर आर' हा प्रस्ताव सुमारे ७३ टक्के मतांनी संमत केला आणि आयोगाच्या समन्सच्या अधिकारावर शिक्कामोर्तब केले. आयोगाने पहिले समन्स काढले ते तुरुंगाविषयीच : करोनाच्या साथीत बंद्यांचे रक्षण कसे केले जात आहे, हे शेरीफने मे २०२० मध्ये येऊन सांगावे. शेरीफ आले नाहीत. वाद न्यायालयात गेला. त्याच वर्षी राज्य विधिमंडळाने कायदा करून सर्वच काउंट्यांना अशी मंडळे स्थापण्याचा व समन्स काढण्याचा स्पष्ट अधिकार दिला; तो १ जानेवारी २०२१ पासून अमलात आला. तरी नव्या समन्सांना जुनीच उत्तरे मिळत राहिली. समन्स न पाळल्यास आयोग स्वतः काहीच करू शकत नाही. त्याला न्यायालयाचे दार ठोठवावे लागते आणि तारखांमध्ये शेरीफचा कार्यकाल सरत जातो.

नोव्हेंबर २०२२ मध्ये दोन निकाल एकाच दिवशी लागले. व्हिलान्युएवा यांचा रॉबर्ट लूना यांनी पराभव केला. आणि 'मेझर ए' या प्रस्तावाने मंडळाला चार-पंचमांश बहुमताने, सबळ कारण दाखवून, शेरीफला पदच्युत करण्याचा अधिकार मिळाला. कारणांच्या यादीत कर्तव्यात कसूर, निधीचा गैरवापर यांबरोबरच देखरेख संस्थांच्या चौकशीत अडथळा आणणे याचाही समावेश आहे. निवडणूक हीच देखरेख, असे म्हणणाऱ्यांना येथे एक आधार सापडतो : मतदारांनी शेरीफ घालवलाच की! परंतु त्याच मतदारांनी त्याच मतपत्रिकेवर, सुमारे ७२ टक्क्यांनी, आपण चार वर्षांतून एकदा केलेली निवड पुरेशी नाही असेही सांगितले, हे विसरता येत नाही.

कागद कोणाचे?

समन्सचा अधिकार मिळाला तरी मागितलेला कागद गोपनीय असेल तर काय? या प्रश्नाचे मूळही याच काउंटीत आहे. १९७४ मध्ये शेरीफ पीटर पिचेस यांच्या नावाने गाजलेल्या खटल्यात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने आरोपीला पोलिसांविरुद्धच्या पूर्वीच्या तक्रारी मागण्याचा हक्क दिला. त्यावर प्रतिक्रिया म्हणून १९७८ मध्ये विधिमंडळाने पोलीस व शेरीफ दलांच्या सेवानोंदी गोपनीय ठरवल्या. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या गोपनीयतेचा अर्थ इतका व्यापक लावला की अनेक शहरांतील तक्रार मंडळांच्या उघड सुनावण्या बंद पडल्या. १ जानेवारी २०१९ पासून गोळीबार, गंभीर बळाचा वापर, लैंगिक अत्याचार व अप्रामाणिकपणा यांसंबंधीच्या काही नोंदी खुल्या झाल्या. देखरेख मंडळांना गोपनीय नोंदी बंद दाराआड पाहू देणारा कायदा २०२५ मध्ये झाला. म्हणजे नागरी आयोगाची पहिली सभा भरल्यानंतर आठ वर्षांहून अधिक काळ गेला. या मधल्या काळात आयोगाने डेप्युटींच्या टोळक्यांविषयी २०२२ मध्ये जाहीर साक्षी नोंदवल्या आणि मार्च २०२३ मध्ये अहवाल दिला. पण तो मुख्यतः साक्षीदारांच्या मुखातून आलेल्या माहितीवर उभा आहे. जो साक्षीदार येऊन बोलला त्याला सहकाऱ्यांबरोबर पुन्हा नोकरी करायची असते, याचा विचार केल्यास कागदाचे महत्त्व लक्षात येईल.

कोठडीची अवस्था

आता ज्यासाठी हे सर्व चालले आहे त्या कोठडीकडे वळू. लॉस एंजेलिसच्या तुरुंगांतील मनोरुग्णांच्या हालअपेष्टांची चौकशी केंद्रीय न्याय विभागाने १९९६ मध्ये सुरू केली. २००२ मध्ये करार झाला. आत्महत्या थांबल्या नाहीत. २०१५ मध्ये पुन्हा, या वेळी न्यायालयाच्या देखरेखीखालील, तडजोड झाली. मारहाणीविषयीच्या 'रोसास' खटल्याची तडजोडही २०१५ मध्येच मान्य झाली आणि तिच्या अंमलबजावणीचे मूल्यमापन तज्ज्ञांच्या पथकाकडे गेले. १९७५ चा रदरफर्ड खटला तर अजूनही संदर्भात येतो. सप्टेंबर २०२२ मध्ये त्याच खटल्यात न्यायालयापुढे आले की, तुरुंगात नव्याने आणलेल्या माणसांना नोंदणी केंद्रात दिवसचे दिवस ठेवले जाते, मनोरुग्णांना बाकांना साखळीने बांधले जाते, माणसे घाणीत जमिनीवर झोपतात. न्यायालयाने तातडीने आदेश दिला : या केंद्रात चोवीस तासांपेक्षा अधिक काळ कोणाला ठेवू नये आणि चार तासांपेक्षा अधिक काळ कोणाला बाकाला जखडू नये. एकविसाव्या शतकातील एका श्रीमंत काउंटीला हे तास न्यायालयाने मोजून द्यावे लागले.

येथे एक गुंता आहे, ज्याकडे देखरेखीच्या चर्चेत पुरेसे लक्ष दिले जात नाही. २०१५ मध्ये मंडळाने तुरुंगातील वैद्यकीय सेवा शेरीफकडून काढून काउंटीच्या आरोग्य विभागाकडे देण्याचे ठरवले. हेतू चांगला होता. डॉक्टर आणि पहारेकरी यांचा धनी एक असू नये. पण आता औषध देणारा परिचारक मंडळाच्या अखत्यारीत आणि कोठडीचे दार उघडणारा डेप्युटी शेरीफच्या. रात्री छातीत दुखू लागलेल्या बंद्याची हाक कोणी ऐकली नाही, तर दोष हाकेकडे दुर्लक्ष करणाऱ्याचा की वेळेवर न पोचणाऱ्याचा? शेरीफ मंडळाकडे बोट दाखवतो आणि मंडळ शेरीफकडे. ज्या मंडळाने देखरेख आयोग नेमला, ते स्वतःच तुरुंगातील एका सेवेचे चालक झाले. त्यामुळे आयोगाने आपल्या नियोक्त्यालाही प्रश्न विचारावयास हवेत, ही स्थिती उद्भवली. आयोगाचे सर्व सदस्य मंडळच नेमते.

सप्टेंबर २०२५ मध्ये कॅलिफोर्नियाच्या महाधिवक्त्यांनी तुरुंगांतील स्थिती अमानुष असल्याचा आरोप करीत राज्याच्या वतीने दावा दाखल केला. दूषित अन्न, उंदीर-कीटक, अपुरी वैद्यकीय सेवा आणि टाळता येण्याजोगे मृत्यू यांचा त्यात उल्लेख आहे. प्रतिवादींमध्ये शेरीफ आहेत, आणि काउंटी व तिची तुरुंग-आरोग्य सेवा हीही आहेत. मेन्स सेंट्रल जेल बंद करावा असे मंडळाने त्याआधीच ठरवले होते. त्याच्या जागी मनोरुग्णांसाठी नवी इमारत बांधण्याचा करारही २०१९ मध्ये, हाही एक तुरुंगच होईल या आक्षेपावरून, रद्द झाला होता. दावा दाखल झाला त्या दिवशी १९६३ सालच्या त्या ओळीतल्या कोठड्यांमध्ये हजारो माणसे होती.